छप्पर नसलेलं शहर

वसई रोड स्टेशनाबाहेरून सुटलेली गाडी वसईगाव आणि पारनाका मागे टाकते आणि वेग जराही कमी न करता तटाच्या आत शिरते. किल्ला आला, असं कुणी ओरडत नाही. झाडीतून काळ्या दगडाची एक उंच भिंत दिसते, भिंतीत कमान, कमानीत आभाळ. ती नीट बघेपर्यंत रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला तशीच आणखी एक येते. गाडीतल्या बाया टोपल्या आवरत असतात, शाळेतून परतणारी पोरं मोबाइलमध्ये असतात. त्यांना किल्लाबंदरला, आपल्या कोळीवाड्यात जायचंय. तिथे जाणारा रस्ता सोळाव्या शतकातल्या एका शहराच्या पोटातून जातो, त्याला ती तरी काय करणार?

मराठी माणसाच्या मनात किल्ला म्हटला की आधी चढ येतो. धाप लागणं, पाण्याचं टाकं, माची, बुरुजावरून दिसणारं खोरं. वसईला यातलं काही नाही. जंजिऱ्यासारखा चहूबाजूंनी समुद्र नाही, सिंधुदुर्गासारखी होडीतून जायची गंमत नाही. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी आलेला माणूस तासभर हिंडतो, चार फोटो काढतो आणि ‘आत तर नुसती चर्चच आहेत’ असं म्हणून परततो. चूक त्याची नाही. आपण या जागेला किल्ला म्हणतो, तिथेच गोंधळ सुरू होतो. हे तट घातलेलं शहर होतं. साधारण ११० एकरांचा पसारा, दहा बुरूज, जमिनीकडे एक दरवाजा आणि पाण्याकडे एक. आत रस्ते, चौक, हवेल्या, इस्पितळ, तुरुंग, विद्यालय आणि मठ. दोनशे वर्षं इथे लोक जन्मले, भांडले, कर्जं काढून लग्नं केली आणि मेले. किल्ला म्हणून पाहायला गेलं तर वसई निराश करते. शहर म्हणून हिंडलं तर दिवस पुरत नाही.

शिवाय या शहराचा बराचसा भाग अजून शिल्लक आहे. फक्त तो सगळा वसईत नाही.

उल्हास नदी खाडी होऊन समुद्राला मिळते, तिच्या उत्तर काठावर ही जागा आहे. सोपारा इथून जवळ, म्हणजे व्यापाराची सवय या किनाऱ्याला दोन हजार वर्षांची. सोळाव्या शतकात वसई गुजरातच्या सुलतानाकडे होती. १५३३ मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्याने इथली तटबंदी उद्ध्वस्त केली. पुढच्याच वर्षी सुलतान बहादूरशाहाच्या मागे हुमायून लागला. उत्तरेकडून मोगल आणि समुद्राकडून फिरंगी अशा कात्रीत सापडलेल्या सुलतानाने त्यातल्या त्यात फिरंग्यांशी जुळवून घेतलं. २३ डिसेंबर १५३४ रोजी वसईसमोर नांगरलेल्या पोर्तुगीज जहाजावर तह झाला. वसई आणि तिच्या हाताखालचा मुलूख पोर्तुगालच्या राजाला मिळाला. त्या मुलखात दलदलीची, नारळी-ताडांची काही बेटंही होती. त्यांचं नाव मुंबई.

आज वसईकर रोज सकाळी लोकलला लटकून मुंबईला जातो, तेव्हा ही गोष्ट कुणी काढत नाही. पण सव्वाशे वर्षं मुंबई हे वसईच्या हाताखालचं एक मामुली ठिकाण होतं. एक पोर्तुगीज वैद्य, गार्सिया द ओर्ता, तिचा खंडकरी होता. हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. पुढे १६६१ मध्ये पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नाच्या करारात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण गेली. आंदण द्यायला वसई निवडली नाही, कारण वसई देण्याइतकी स्वस्त नव्हती.

बांधकाम १५३६ च्या सुमारास सुरू झालं. नुनो द कुन्याने आपला मेहुणा गार्सिया द सा याला पहिला कप्तान नेमलं. आधी उभा राहिला तो छोटा बालेकिल्ला. तो आजही शहराच्या मध्यात आहे आणि त्याच्या दरवाजावर पोर्तुगालचं राजचिन्ह कोरलेलं आहे. बाहेरचा मोठा तट मागाहून आला, तोही सावकाश, बुरुजामागून बुरूज असा, सोळावं शतक संपत येईपर्यंत. सेंट सेबॅस्टियन बुरुजाच्या शिलालेखात साल होतं १५५४ आणि कप्तानाचं नाव फ्रान्सिस्को द सा. बुरुजांची नावं बहुतेक संतांची, मातेची किंवा देवाची. त्या रांगेत एकाचं नाव मात्र ‘हत्ती’. एवढ्या संतांमध्ये हा हत्ती कुठून आला असेल, याचा विचार करत मी त्या बाजूला बराच वेळ उभा राहिलो आहे.

वसईला दोन गोष्टी मुबलक मिळाल्या. मागच्या जंगलातलं सागवान आणि पायाखालचा दगड. सागवानातून जहाजं बांधली गेली, आणि दगडाने तर गोवाही बांधला. आपल्याकडे कोकणात खाली उतरावं तसा जांभा लागतो. जांभा कापायला सोपा, पण त्याच्यावर नक्षी टिकत नाही, पावसाने तो झिजतो. वसईचा काळा दगड घट्ट. त्याच्यावर बारीक काम कोरता येतं आणि ते राहतं. म्हणून जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूस चर्चचा दर्शनी भाग बघा. १५९४ ला सुरू होऊन १६०५ मध्ये पुरी झालेली ही इमारत मूळची जांभ्याची, तांबूस. तिच्या तोंडावरचे खांब, चौकटी आणि नक्षी मात्र काळसर करड्या दगडाची. तो दगड वसईहून गलबतांत भरून गेला. फ्रान्सिस झेवियरच्या दर्शनाला येणारे लाखो लोक ज्या दारातून आत जातात, त्या दारावर वसई उभी आहे. शहराचा हा पहिला तुकडा, बाहेर गेलेला.

श्रीमंती इतकी की ‘दों’ ही सरदारकीची पदवी शहराच्या नावालाच लागली आणि लोक त्याला दों बासाईं म्हणू लागले. दमणपासून चौलपर्यंतचा जो पोर्तुगीज ‘उत्तर प्रांत’ होता, त्याची ही राजधानी. तिथला अधिकारी ‘उत्तरेचा जनरल’ म्हणवायचा, आणि गोव्यातल्या व्हॉइसरॉयच्या खालोखाल त्याचा मान. तटाच्या आत राहायचा हक्क प्रामुख्याने गोऱ्या सरदारांचा आणि पाद्र्यांचा. बाकीची वस्ती, म्हणजे कोळी, वाडवळ, कारागीर आणि व्यापारी, तटाबाहेर. या श्रीमंतीला जबरदस्तीची बाजू होती आणि ती झाकण्यात अर्थ नाही. देवळं पाडली गेली, धर्मांतरं झाली, सण-समारंभांवर बंदी आली. पुढे जे युद्ध झालं, त्याच्या मुळाशी महसूल आणि खाडीवरचा ताबा जितका होता, तितकाच हा जाचही होता.

आता आत चला.

शहरात निरनिराळ्या पंथांच्या साधूंची आपापली बेटं होती. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन, ऑगस्टिनियन; प्रत्येकाचा मठ, प्रत्येकाचं चर्च. अंतर बघाल तर एकाची घंटा वाजली की दुसऱ्याच्या पंगतीत ऐकू जावी. सगळ्यात देखणं तोंड जेझुइटांच्या चर्चला उरलंय. १५४९ ला सुरू झालेल्या या चर्चची दर्शनी भिंत अजून उंच उभी आहे. दोन्ही बाजूंना पन्हाळ्या कोरलेले खांब, वर येशूच्या नावाची तीन अक्षरं. मागे मात्र काही नाही. नाटकाचा पडदा उभा आणि मागचं थिएटर उठून गेलेलं, तशी ती भिंत दिसते. याच संघाच्या शाळेत गोन्सालो गार्सिया शिकला. बाप पोर्तुगीज, आई इथली. जन्म १५५६-५७ च्या सुमाराचा. तरुणपणी तो जपानला गेला, व्यापार केला, मग मनिलाला फ्रान्सिस्कन ब्रदर झाला, आणि जपानी भाषा येत होती म्हणून दुभाष्या म्हणून पुन्हा जपानला पाठवला गेला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला ज्या सव्वीस जणांना क्रुसावर चढवलं, त्यांत तो होता. १८६२ मध्ये रोमने त्याला संत म्हणून जाहीर केलं. वसईतल्या कॉलेजला त्याचं नाव आहे. त्याच्या सणाला या बिनछपराच्या चर्चमध्ये मिस्सा होते. वर्षातले तेवढे दिवस इमारत तिच्या मूळ कामाला येते.

माझी आवडती जागा मात्र फ्रान्सिस्कनांचं चर्च, सेंट अँथनीचं. इथे वर बघण्यासारखं आहेच. रुंद जिन्यावरची दगडी घुमटाकार कमान अजून शाबूत आहे, तिच्याखाली उभं राहून बोललं की आवाज गोल फिरून परत येतो. पण खरी वसई खाली आहे. चर्चची जमीनच थडग्यांच्या शिळांची बनलेली आहे. शिळेला शिळा लागून, भिंतीपासून भिंतीपर्यंत. कुठे घराण्याची ढाल आणि मुकुट, कुठे नुसत्या चार ओळी. ही कबर अमक्याची, त्याच्या बायकोची आणि वारसांची. शेवटचा शब्द वाचताना गंमत वाटते. माणसं जागेचं बुकिंग करावं तसं पिढ्यांचं मरण आरक्षित करून ठेवत होती. पावसाळ्यात या शिळांवर शेवाळ चढतं, उन्हाळ्यात ते सुकून झडतं, आणि दर फेरीला एखादं अक्षर आणखी पुसट होतं.

सेंट जोसेफचं, म्हणजे शहराच्या मुख्य चर्चचं, मनोरा असलेलं तोंड लांबून सगळ्यात आधी दिसतं. सोळाव्या शतकाच्या मध्याला ते बांधलं आणि १६०१ मध्ये वाढवलं. त्या मनोऱ्याच्या आत गोल जिना आहे. डोमिनिकनांच्या मठाचे आता बरेचसे ढिगारे. ऑगस्टिनियनांचं लक्षात राहण्यासारखं थोडकंच. बाकी सगळीकडे वड, पिंपळ, उंबर यांचं राज्य. मुळं दगडांच्या फटीत शिरून भिंत फोडतात, आणि पुढे तीच मुळं फुटलेली भिंत धरूनही ठेवतात. झाड काढलं तर भिंत पडेल, ठेवलं तरी पडेल, फक्त हळू. पुरातत्त्व खात्याच्या माणसांची ही रोजची पंचाईत आहे, आणि किल्ल्यात झाड दिसलं की ‘लक्ष नाही’ म्हणून हाकाटी करणाऱ्यांनी ती एकदा समजून घ्यायला हरकत नाही.

वसई पडली १७३९ ला, पण ती खचायला खूप आधी सुरुवात झाली होती. १६१८ च्या मे महिन्यात मोठं वादळ झालं. छपरं उडाली, समुद्र शहरात आला, चर्च-मठांची मोडतोड झाली. १६७४ मध्ये मस्कतचे सहाशे अरब किनाऱ्यावर उतरले आणि त्यांनी तटाबाहेरची चर्च लुटली. तटाच्या आतली शिबंदी बाहेर पडली नाही. इटालियन प्रवासी जेमेल्ली कारेरी १६९५ मध्ये आला तेव्हा साथीमुळे शहराचा उत्तरेकडचा एक भाग ओस पडलेला त्याने पाहिला. तोवर मुंबई वर येत होती. वसईतले सावकार आणि कारागीर खाडी ओलांडून तिकडे सरकू लागले होते.

मग मराठे आले. अंजूरच्या गंगाजी नाईकांनी मदतीसाठी पेशव्यांकडे अनेक वर्षं खेपा घातल्या होत्या. १७३७ मध्ये चिमाजी अप्पांनी साष्टीत फौजा घातल्या आणि अजून बांधून पुरा न झालेला ठाण्याचा किल्ला घेतला. १७३९ च्या सुरुवातीला माहीम, तारापूर पडलं. तारापूरला बाजी भीवराव रेठरेकर कामी आले. फेब्रुवारीत वसईला मोर्चे लागले. शहराच्या तीन बाजूंना खाडी, समुद्र आणि तिवरांची दलदल. घोडा आणि तोफ चालेल अशी जमीन फक्त उत्तरेला, वाळूची. म्हणजे सगळी लढाई रेमेडिओस आणि सेंट सेबॅस्टियन या दोन बुरुजांसमोरच्या पट्ट्यात व्हायची होती, आणि हे दोन्ही पक्षांना ठाऊक होतं. पाण्याकडून मानाजी आंग्र्यांनी कोंडी केली. मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे येऊन मिळाले.

मैदानी घोडदौडीत वाढलेल्या फौजेने इथे महिनोन्‌महिने माती उकरली. मोर्चे पुढे सरकवत नेऊन तटाखाली सुरुंग खणायचे, वरून पोर्तुगीज जळते पलिते, हातगोळे आणि दगड टाकायचे, खणलेलं बुजायचं, पुन्हा खणायचं. आतल्यांची हालत अशी होती की मुंबईच्या इंग्रजांकडून त्यांनी पंधरा हजार रुपये घेतले ते चर्चमधली चांदी आणि तटावरच्या पितळी तोफा तारण ठेवून. तोफांच्या जोरावर टिकायचं, आणि टिकण्यासाठी तोफाच गहाण टाकायच्या. वसईच्या शेवटाविषयी इतकं बोलकं दुसरं काही मला माहीत नाही. तिथला कप्तान सिल्व्हेरा दे मेनेझिस मारला गेला, त्याच्या जागी कायतानो द सूझा परेरा आला.

मे महिन्याच्या पहिल्या दिवसांत सुरुंगांना बत्ती दिली. काही उडाले, काही उशिरा उडाले, आणि उशिरा उडालेल्यांनी खिंडारात शिरलेली आपलीच माणसं उडवली. तरीही फौज मागे हटली नाही. ‘किल्ला घेता येत नसेल तर माझं डोकं तरी तोफेला बांधून आत टाका’ असं अप्पा म्हणाल्याची आख्यायिका याच दिवसांची. खरी असो वा नसो, सगळ्यांच्या सहनशक्तीचा शेवट आला होता एवढं तिच्यातून कळतं. मराठ्यांची ठार-जखमी माणसं हजारांत मोजावी लागली. शरणागतीच्या तारखेवरून आजही वाद घालणारे भेटतात. कुणी ५ मे सांगतो, कुणी १६ मे. दिवस एकच आहे. इंग्रज तोवर जुनी दिनदर्शिका चालवत होते, पोर्तुगीज नवी, आणि दोघांत अकरा दिवसांचा फरक. तसाच १२ आणि २३ मे हाही एकच दिवस. त्या दिवशी पोर्तुगीज शिबंदी आपली शस्त्रं आणि बायकामुलं घेऊन, नगारे वाजवत बाहेर पडली. तहात तसं ठरलं होतं, आणि अप्पांनी ते पाळलं. दोन वर्षांच्या आत बाजीराव आणि चिमाजी दोघेही भाऊ वारले.

यानंतर जे झालं, त्यामुळे वसईचा दुसरा तुकडा महाराष्ट्रभर गेला. चर्चच्या मनोऱ्यांतल्या घंटा उतरवल्या गेल्या आणि विजयाची खूण म्हणून देवळांना वाहिल्या गेल्या. भीमाशंकरला शनीच्या छोट्या देवळासमोर आहे ती अशीच. पुण्याच्या ओंकारेश्वराला, शिरूरच्या रामलिंगाला आहेत. नाशिकला गोदेच्या काठी नारोशंकराच्या देवळावर आहे ती तर इतकी मोठी की पूर मोजायच्या कामाला येते. पाणी नारोशंकराच्या घंटेला लागलं का, हे नाशिककर आजही पावसाळ्यात विचारतात. तिच्यावर साल १७२१ आहे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या घाटावर एक आहे, सुमारे साडेसहाशे किलोची. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मरियम आणि साल १७०७, म्हणजे औरंगजेब मेला ते साल. वसईतल्या काही हौशी अभ्यासकांनी पदरमोड करून गावोगाव फिरून या घंटांच्या नोंदी केल्या आहेत. सरकारी कामात असली चिकाटी क्वचित दिसते.

चर्चची घंटा आणि देवळाची घंटा यांत फरक आहे. चर्चची घंटा खालून दोर ओढला की अंगासकट झुलते, आणि तिचा नाद मैलभर जावा, लोकांनी घरून निघावं, यासाठी असतो. देवळातली घंटा स्थिर टांगलेली. आलेला माणूस हात वर करून फक्त तिचा लोलक हलवतो. आपण आल्याचं देवाला सांगायला तेवढा आवाज पुरतो. वसईच्या या घंटा झुलायच्या थांबल्या आणि त्यांचा लोलक कुणाच्याही हाताशी आला. पूर्वी पाद्र्याखेरीज त्यांना कोण हात लावत होतं?

अप्पांच्या नवसाची आठवण म्हणून भिवंडी तालुक्यात वज्रेश्वरीचं देऊळ उभं राहिलं. त्याचा नगारखाना वसईच्या दरवाजाच्या मापाने बांधला असं सांगतात. शहराचं नाव बाजीपूर ठेवण्यात आलं, पण ते रुळलं नाही. सुभेदारी शंकराजी केशव फडक्यांकडे गेली, वसई सुभ्याचं ठाणं झाली, आत नागेश्वराचं आणि वज्रेश्वरीचं देऊळ आलं. मराठ्यांनी शहर चालवलं, पण भरलं नाही. तटाबाहेरचे ख्रिस्ती शेतकरी आणि कोळी मात्र तहाच्या अटींप्रमाणे आपल्या चर्चसह तिथेच राहिले.

डिसेंबर १७८० मध्ये इंग्रजांच्या जनरल गॉडर्डने वसई घेतली आणि सालबाईच्या तहाने ती परत मिळाली. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांपुढे पुणं सोडून पळालेला दुसरा बाजीराव वसईला येऊन बसला आणि ३१ डिसेंबरला त्याने इंग्रजांशी तह केला. शाळेत ‘वसईचा तह’ म्हणून शिकवतात तो हा. पहिला तह तिथे कुणी शिकवत नाही. एका घाबरलेल्या सुलतानाने मोगलाच्या भीतीने किनारा दिला, आणि एका घाबरलेल्या पेशव्याने होळकराच्या भीतीने राज्य दिलं. दोन्ही सह्या याच किनाऱ्यावर झाल्या. मराठी माणसाला या जागेचा अभिमान बाळगायला १७३९ पुरेसं आहे. पण १८०२ तिथून मैलभरही लांब नाही, हे लक्षात असलेलं बरं.

इंग्रजांना वसई नको होती, त्यांच्याकडे मुंबई होती. एकोणिसाव्या शतकात त्यांनी रिकामा किल्ला लिटलवूड नावाच्या मेजरला भाडेपट्ट्याने दिला आणि त्याने आत ऊस लावून साखरेचा कारखाना काढला. सरदारांच्या हवेल्यांत उसाचा रस उकळू लागला. कारखाना चालला नाही. तोवर लाकडी छपरं गेली होती. कोकणातल्या पावसापुढे बिनराबत्याचं छप्पर टिकतं तरी किती वर्षं? मुंबईत डॉक्टरकी करणारे गोव्याचे जे. गेर्सन द कुन्या शिलालेख उतरवायला इथे येत. त्यांचं चौल आणि वसईवरचं पुस्तक १८७६ मध्ये निघालं, आणि वसईवर लिहिणारा प्रत्येक जण आजही त्यांचाच ऋणी आहे. त्यांनी वाचलेल्या कित्येक ओळी आज दगडावर उरलेल्या नाहीत.

तिसरा तुकडा माणसांचा आणि शब्दांचा. किल्ल्याच्या उत्तरेला रमेदी नावाचं गाव आहे. नाव मराठी वाटावं इतकं घोटून गुळगुळीत झालंय, पण ते ‘रेमेडिओस’च आहे, ज्या बुरुजाखाली सुरुंग लावले त्याच मातेचं नाव. पापडी, नंदाखाल, आगाशी इथली चर्च आजही भरलेली असतात, आणि तिथली प्रार्थना मराठीत चालते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो नंदाखालचे. ‘सुवार्ता’ मासिक त्यांनी चालवलं, ‘हरित वसई’ची चळवळ त्यांनी उभी केली, २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. वसईच्या ख्रिस्ती माणसाला ‘तुम्ही मराठी इतकं छान कसं बोलता?’ असं विचारणारे लोक अजून आहेत. त्यांना उत्तर काय द्यावं, हे वसईकरांना एव्हाना पाठ झालं असेल. आणि आपण सगळेच रोज पोर्तुगीज बोलतो ते वेगळंच. चावी, बिजागरी, पगार, लिलाव, बादली, घमेलं, पाव, तुरुंग. काही गोव्याहून आले असतील, काही चौलहून, काही इथून. पण बालेकिल्ल्यातल्या एखाद्या अंधाऱ्या खोलीसमोर उभं राहून ‘हा तुरुंग असावा’ म्हणणारा पर्यटक त्या खोलीचं मूळ नावच उच्चारत असतो.

रविवारी किल्ल्यात दोन प्रकारची माणसं दिसतात. एकांना चिमाजी अप्पांच्या पुतळ्यापाशी जायचं असतं. चर्चकडे त्यांचं लक्ष नसतं. दुसरे संत गोन्सालोच्या चर्चपाशी थांबतात आणि पुतळ्याला वळसा घालून जातात. एकांची वसई १७३९ ला सुरू होते, दुसऱ्यांची तेव्हाच संपते. तिसरा प्रकारही आता वाढलाय, लग्नाआधीचे फोटो काढणारा. त्यांना साल कुठलंच नको असतं, पण संध्याकाळचा तिरपा उजेड हवा असतो, आणि त्यांचं ऐकाल तर त्यांची जागांची निवड उत्तम असते. कोरलेल्या खांबावर किल्लीने स्वतःचं आणि आणखी कुणाचं नाव खरवडणारे मात्र या तिघांपैकी कुठल्याही प्रकारातून येतात. त्यांना रखवालदाराने हटकलं तर निदान आपण रखवालदाराची बाजू घ्यावी.

फेब्रुवारी २०२४ पासून भाईंदर ते वसई अशी रो-रो बोट सुरू झाली आहे. जमलं तर तिने या. पाव तासाची खाडी आहे, आणि हे शहर पाण्याकडे तोंड करून का बांधलं ते बोटीतूनच कळतं. उतरलात की जवळच दर्या दरवाजा आहे. पलीकडे किल्लाबंदरला बांबूंवर बोंबील सुकत घातलेले असतात, त्या वासाला नाक मुरडू नका. या सगळ्या पसाऱ्यात सलग चाललेला धंदा तेवढाच आहे. पाणी बरोबर असू द्या, पावसाळा टाळा, आणि फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये खाली बघून चाला. पुढे कधी वाईला गेलात तर मेणवलीच्या घाटावर उतरून घंटेवरचा १७०७ चा आकडा शोधा.